जाड अक्षरांची पाटी

संस्थानच्या काळात माझा बाप जव्हारला सुतारकाम करायचा आणि कचेरीच्या पाट्याही कोरायचा. त्याच्या अक्षरांना लोक ‘दारात अडकलेले पैलवान’ म्हणत. ती त्याला हौसेने सुचलेली नव्हती. कचेरीतून फळी यायची वीतभर रुंद आणि हुकूम यायचा पानभर. म्हणून तो अक्षरं दोन्हीकडून दाबायचा आणि वर ओढायचा. बोरूची जाड-बारीक नखरेबाजी त्याने टाकून दिली. सगळ्या रेघा अंगठ्याएवढ्या. ‘ब’च्या पोटात तांदळाचा दाणा जेमतेम मावेल. पण पावसाळे खाऊनही ती अक्षरं घोड्यावरून वाचता यायची. अर्थात घोड्यावर बसणाऱ्यालाच.

सूर्यमाळकडच्या एका पाड्यासाठी कारकुनाने पाटी सांगितली: ‘जंगलातून लाकूड नेण्यास सक्त मनाई आहे.’

“मिस्त्री, लाकूड थांबलं तर तुला कचेरीत कायम करतो,” तो म्हणाला.

बाप नांगर करून कंटाळला होता. त्याला ती नोकरी फार हवी होती. मी तेव्हा तिसरीत होते.

“बाबा, तिथे वाचणार कोण?” मी विचारलं.

“तू गप. अक्षर इतकं जाड आहे की न वाचताही कळेल.”

दिवाळीनंतर कारकून पाहणीला निघाला. बापाबरोबर मीही गेले. पाटी होती तिथेच होती, पण लालभडक. त्या भागात वाघोबा लाकडी फळीवर कोरून रानाच्या कडेला पुरतात आणि त्याला शेंदूर लावतात. पाड्याने या फळीलाही तेच केलं होतं. पुढे नारळ, कोंबड्याची पिसं. बायका मोळी घेऊन येत, ती खाली ठेवून पाटीला हात जोडत आणि मोळी उचलून घरी जात.

“आजी, हा सरकारी हुकूम आहे!” कारकून एका म्हातारीवर ओरडला.

“असंल, रावसाहेब. पण हा बसल्यापासून वाघ आला नाय.”

“मिस्त्री, पूस ते!”

“तुम्हीच पुसा, साहेब.”

कारकुनाने शेंदराकडे पाहिलं, मग मागच्या रानाकडे. जोडे काढले आणि नमस्कार केला. जव्हारला येऊन त्याने लिहून दिलं की मिस्त्रीचं अक्षर फाजील जाड असल्याने प्रजेचा गैरसमज झाला. नोकरी बारीक अक्षरवाल्या एकाला मिळाली. तो पाट्या कोरायचा नाही, रंगवायचा; त्या पहिल्याच पावसात धुऊन गेल्या. त्याला मात्र कोणी काढलं नाही.

बाप महिनाभर तोंड पाडून नांगर तासत बसला. मग खोडाळ्याकडून दोन माणसं आली.

“मिस्त्री, तसला वाघोबा आम्हालाही द्या. जाड अक्षरांचा.”

“लिहू काय?”

“तिथं आहे तेच. त्याचा गुण आलाय.”

बापाने तेच कोरलं. मग दुसऱ्या पाड्याला, तिसऱ्याला. बदल्यात नागलीचं धान्य आलं, कोंबड्या आल्या, आणि नव्या फळ्यांसाठी लाकूड आलं. ते कुठून आलं, हे बापाने विचारलं नाही.