डबल बेलवाले मास्तर

ड्रोन उडवण्याआधी तोंडाने 'टन् टन्' असा आवाज काढणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मास्तर एसटीत कंडक्टर होते, आणि कंडक्टरला आमच्याकडे मास्तरच म्हणतात. निवृत्तीनंतर त्यांनी हौसेने एक छोटा ड्रोन घेतला. डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलत नाही, मग हे यंत्र तरी का हलावं, असा त्यांचा सरळ विचार. मी तेव्हा नवाकोरा ड्रोन घेऊन मेहकरबाहेरच्या माळावर दर रविवारी धडपडत होतो. त्यांनी मला न विचारताच शिष्य करून टाकलं.

वाऱ्याच्या बाबतीत त्यांचा मोबाइलवर काडीचा विश्वास नव्हता. मी वाऱ्याचा वेग वाचून दाखवायचो, ते ऐकून घ्यायचे आणि माळावरच्या निंबाच्या शेंड्याकडे बघत उभे राहायचे. शेंडा एकसारखा डुलत असला तर चालायचं. थांबून थांबून झटके खात असला तर ते मला ड्रोनचा डबा उघडूच द्यायचे नाहीत. "भाऊ, खाली वारा गरीब रायते. वर गेला का त्याले माज येते," असं म्हणायचे. माझं डोकं फिरायचं. सुटीचा एकुलता एक दिवस, आणि तो निंबाकडे बघण्यात जायचा.

दुसरा नियम, ड्रोन आधी वाऱ्याच्या तोंडावर न्यायचा. "चढ पह्यले चढून घ्याचा. घरी येताना उतार पाह्यजे," हे ते इतक्यांदा म्हणत की मी ऐकणं सोडून दिलं होतं. एका रविवारी ते यायच्या आतच मी ड्रोन वाऱ्याबरोबर तलावाकडे सोडला. काय सुरेख गेला! अर्धी बॅटरी उरल्यावर मागे वळवला, तर तो जागच्या जागी उभा. घाबरून मी आपोआप परत आणणारं बटण दाबलं. त्यावर तो आणखी उंच चढला आणि चक्क मागे सरकू लागला. तेवढ्यात मास्तर पोचले. त्यांनी रिमोट माझ्या हातातून काढून घेतला, ते बटण बंद केलं आणि ड्रोन खाली, झाडांच्या निम्म्या उंचीवर आणला. तिथे वारा कमी होता, तो हळूहळू पुढे येऊ लागला. आमच्यापर्यंत काही पोचला नाही. शेवटी त्यांनी तो हरभरा निघालेल्या एका रिकाम्या वावरात उतरवला.

ते रागावले नाहीत. "गाडी रस्त्यात बंद पडली तं पडू द्या. पाशिंजर सुखरूप पाह्यजे," एवढंच म्हणाले. इथे पाशिंजर कोण, असं मी विचारलं. "खालची माणसं," ते म्हणाले.

प्रणाली ही त्यांची एकुलती एक लेक. लग्न ठरल्यावर तिने वडिलांकडे एकच गोष्ट मागितली. सासरी निघताना आपली गाडी घरापासून रस्त्याच्या वळणापर्यंत वरून टिपायची. मास्तरांनी शब्द दिला, आणि पुढे भेटेल त्याला ते हेच सांगत सुटले. लग्नातलं बाकी सगळं त्यांनी पाहुण्यांवर सोपवलं होतं. बॅटऱ्या मात्र स्वतः भरल्या.

निघायची वेळ झाली आणि नेमका वारा सुटला. मंडपाचं कापड फडफडत होतं, अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मास्तरांनी वर पाहिलं आणि डबा बंद केला. मी त्यांच्या कानाशी लागलो, "मास्तर, बॅटरी बिघडली म्हणून सांगा. तिला वाईट वाटणार नाही."

"बॅटरी चांगली हाय," ते म्हणाले आणि गाडीजवळ गेले.

प्रणालीने खिडकीतून विचारलं, "उडत नाही का, बाबा?"

"उडते, बाई. पण वाऱ्याचे झटके हायेत, अन् खाली माणसं हायेत. मी नाही उडवत."

"माह्या लग्नातही?"

"हाव."

तिने काच वर केली. गाडी गेली. अर्ध्या तासात वारा साफ पडला. मग पाहुण्यांनी मास्तरांची यथेच्छ टिंगल केली. ते मंडपाच्या दाराशी खुर्ची टाकून रिकाम्या रस्त्याकडे बघत बसले. खरं सांगतो, त्या दिवशी मलाही त्यांचा भयंकर राग आला होता.

प्रणाली पहिल्या दिवाळीला माहेरी आली नाही. फोन करायची तो आईला. मास्तर माळावर येत राहिले, पण तिचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. त्याच थंडीत हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले.

तेरवी झाल्यावर प्रणाली कपाटातला ड्रोनचा डबा घेऊन माझ्यापुढे बसली.

"दादा, त्या दिवशी यात काहीच बिघाड नव्हता? बॅटरीही चांगली होती?"

"हो. पूर्ण भरलेली."

"बिघडली म्हनले असते, तं मी कायले रुसली असती?"

"मी त्यांना तसंच सुचवलं होतं," मी म्हणालो.

तिने डबा मांडीवर ओढून घेतला. "अन् त्यायनं नाही आयकलं."

"नाही."

प्रणालीला हसू आलं, आणि हसता हसता तिने ओढणी डोळ्यांना लावली. "बाबा असेच हायेत," ती म्हणाली.

'होते' म्हणायचं तिच्या ध्यानात आलं नाही.