मावशी कचरापेटी रिकामी करत नाही

माझी मावशी टीव्ही दुरुस्त करायची. दुकान कधीच बंद झालं, पण तिचे हात काही बंद झाले नाहीत. घरात एखादी वस्तू बिनतक्रार चालत असेल तर मावशीला चैन पडत नाही. एकदा तरी मागचं झाकण उघडून बघितल्याशिवाय ती त्या वस्तूवर विश्वास ठेवत नाही.

या वेळी मात्र काम खरंच गरजेचं होतं. काकांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, ऐकू येईनासं झालं होतं. मावशी बाहेर गेलेली असताना त्यांचे बुद्धिबळाचे जोडीदार, एक निवृत्त पोस्टमन, दोनदा बेल वाजवून परत गेले आणि रुसले. तेव्हापासून काका दुपारभर दाराशी स्टूल टाकून, दार किलकिलं ठेवून जिन्याकडे बघत बसत. मला ते बघवत नसे आणि मावशीला तर अजिबातच नाही. शनिवारी ती लेकीकडे जाणार होती. त्याआधी तिला काकांच्या खुर्चीसमोर एक दिवा बसवायचा होता. बेल दाबली की तो लागायला हवा आणि थोडा वेळ तसाच राहायला हवा.

सर्किट ती आधी कॉम्प्युटरवर चालवून बघते. तसं एक सॉफ्टवेअर मीच तिला घालून दिलं होतं. पडद्यावर तारा जोडायच्या, बटण दाबायचं. काही जळत नाही, घरभर वासही सुटत नाही. पण हवा तो टायमर त्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हता. शुक्रवारी सकाळी आम्ही दोघी नवं घालायला बसलो, तर ते म्हणे, आधी जुनं काढा.

"काढते की," मावशी म्हणाली. मी पाणी प्यायला उठले, तेवढ्यात तिने जुन्या सॉफ्टवेअरचा अख्खा फोल्डरच डिलीट करून टाकला. टीव्हीतला भाग काढायची सवय: स्क्रू सोडवा, भाग बाहेर, काम संपलं.

नवं सॉफ्टवेअर मात्र ढिम्म. पुन्हा तेच, आधी जुनं काढा.

"काढलंय ना," मावशी पडद्याला म्हणाली. "डोळे आहेत का याला?"

"मावशी, भाडेकरू गेला, पण दारावरची पाटी तशीच आहे. कॉम्प्युटरच्या नोंदीत त्याचं नाव अजून आहे," मी म्हटलं. "ती उतरवणारा प्रोग्राम त्याच फोल्डरमध्ये होता. आणि तुझं दिव्याचं सर्किट कुठे ठेवलं होतंस?"

"त्यातच." तिने दाराशी ठेवलेल्या काकांच्या स्टुलाकडे बघितलं. "म्हणजे हे आता पुन्हा स्टुलावर."

मी जाम वैतागले. विचारायला काय जात होतं? मावशीने तीही लगेच रिकामी केली असणार असं वाटत होतं, तरी कॉम्प्युटरची कचरापेटी उघडली. पेटी गच्च भरलेली. कॉम्प्युटर घरी आल्यापासून मावशीने जे जे डिलीट केलं होतं, ते सगळं तिथे सुखरूप पडून होतं.

"तू ही कधी रिकामीच करत नाहीस?"

"वेडी आहेस का? सेट आठवडाभर नीट चालल्याशिवाय काढलेला भाग फेकायचा नसतो."

पण इथे तर कित्येक वर्षांचा आठवडा झाला होता. मी हसत सुटले आणि फोल्डर होता तिथे परत आणला. सर्किट आधी वेगळं काढून ठेवलं, मग जुनं सॉफ्टवेअर त्याच्याच प्रोग्रामने पाटीसकट घालवलं. नवं मुकाट्याने आत आलं. पडद्यावरचा दिवा लागला आणि लागलेला राहिला. संध्याकाळपर्यंत मावशीने सोल्डर करून खरा दिवाही भिंतीवर बसवला.

शनिवारी दुपारी मावशी गेल्यावर मी काकांपाशी थांबले होते. ते खुर्चीत पेपर वाचत होते. दिवा लागला. काका उठले, चप्पल शोधत बसले नाहीत, अनवाणीच जाऊन दार उघडलं.

"आज ऐकू आलं वाटतं?" पोस्टमनकाकांनी कानाशी बोट नेऊन ओरडून विचारलं. रुसवा अजून पुरता गेला नव्हता.

"छे," काका म्हणाले, "दिसलं. ये, पट मांडतो."

मी लगेच मावशीला फोन लावला. दिवा लागला का, हे तिने विचारलंच नाही.

"स्टूल कुठे आहे?"

"दोघांच्या मधे. त्यावर पट मांडलाय."

मावशी म्हणाली, "बरं. आठवडाभर त्या कचरापेटीला हात लावू नकोस."