पाठीमागची बटणं

थोरल्या मास्तरांनी भर शिलाईच्या दुकानात पायजमा सोडला, तेव्हा शाळेच्या मोठ्या बाई लेकीला फ्रॉकच्या मापासाठी घेऊन आल्या होत्या. दुकान पुढे, राहतं घर मागे, मध्ये एक पडदा. तो सरकवून म्हातारा बाहेर आला, नाडी सोडली, पायजमा काढून त्याची शिस्तीत घडी घातली आणि कात्रीशेजारी ठेवून दिली. म्हणाला, "इस्त्री करून ठेवा." बाईंनी लेकीचे डोळे झाकले. धाकटा मास्तर, म्हणजे म्हाताऱ्याचा मुलगा, मान खाली घालून टेप गुंडाळत राहिला. म्हातारा जसा काही शेजाऱ्याचाच.

एकेकाळी याच म्हाताऱ्याच्या हातचा कोट घातल्याशिवाय गावातला नवरदेव बोहल्यावर चढत नसे. आता त्याला जेवलोय की नाही तेही आठवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हा विसरण्याचा आजार आहे, वाढतच जाणार. धाकट्याची थोरली बहीण दवाखान्यात आया होती, असली माणसं रोज तिच्या हाताखालून जात. ती म्हणाली, बाबांना माझ्याकडे दे. पण धाकट्याला ते झोंबलं. मुलगा असताना बाप जावयाच्या दारी गेला तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील, बाबा इथेच राहतील आणि माझ्या डोळ्यांपुढे राहतील, असं त्याने चार माणसांत छातीवर हात मारून सांगितलं होतं.

बाई लेकीला घेऊन गेल्या त्या परत फिरकल्या नाहीत. म्हाताऱ्याने आणखी दोनदा तसंच केलं. मग दुकान बंद असायच्या दिवशी धाकट्या मास्तरने जाड सुती कापड काढलं आणि बेतायला घेतलं. सदरा आणि पायजमा कमरेत जोडून एकच कपडा. पुढून सगळं सपाट, नाडी नाही की गुंडी नाही. उघडायचं ते पाठीमागून. मानेपासून माकडहाडापर्यंत अकरा बटणं, काजं मुद्दाम घट्ट, आणि वरून झाकायला पट्टी. काम असं उतरलं, की पाहुण्याला दाखवावं.

बायकोने कपडा हातात घेऊन उलटासुलटा केला. ती बिस्किटाच्या कारखान्यात डबे भरायला जायची, चारला परतायची.

"आणि यांना लघवीला लागली तर?"

"दर दोन तासांनी मी सोडवीन. मी काय मेलोय?"

आठ दिवस ठीक गेले. मास्तर शेजारच्या न्हाव्याला फुशारकीने सांगून आला, की आता बाबांना उघडं पडायची सोयच ठेवलेली नाही.

नवव्या दिवशी शाळेच्या गणवेशांची घाई उसळली. चाळीस स्कर्ट, सगळे घेराचे. म्हातारा पडद्यातून आला आणि नुसता उभा राहिला. मास्तर म्हणाला, बसा बाबा, एवढा घेर संपवून आलोच. घेर संपला, दुसरा सुईखाली गेला. म्हातारा पुन्हा आला, त्याने मुलाची बाही ओढली. टीप वाकडी गेली म्हणून मास्तर खेकसला. तिसऱ्यांदा म्हातारा पडद्याबाहेर आलाच नाही. पडद्याखालून त्याची पावलं तेवढी दिसत होती. एक पाऊल वर, एक खाली. मग पावलं निघून गेली आणि मास्तरला बरं वाटलं. पुढे त्याला सगळ्यात जास्त खाल्लं ते या बरं वाटण्याने.

तो आत गेला तेव्हा तीन तास होऊन गेले होते. म्हातारा कपाटाजवळ भिंतीकडे तोंड करून उभा. पायांशी थारोळं. दोन्ही हात पाठीमागे पिळलेले, बोटं अजून बटणं चाचपत होती. खालची दोन सोडवलेली. तिसऱ्यावर रक्त होतं. बापाने शिकवल्याप्रमाणे मुलाने बटणाला दोऱ्याचे चार वेढे दिले होते. बटण टिकलं होतं, नख निघालं होतं.

म्हाताऱ्याने मान वळवली. कुणी नवखा कारागीर आत आला असं त्याला वाटलं असावं. हळूच म्हणाला, "मास्तरांना सांगू नका. मी पुसून घेतो."

कुठले मास्तर, हे मुलाने विचारलं नाही. म्हाताऱ्याचा उस्ताद मरून पन्नास वर्षं झाली होती, तोही असेल. पण विचारायचं धाडस झालं नाही. त्याने बापाला अंघोळ घातली, बोटाला चिंधी बांधली, फरशी पुसली. बायको आल्यावर म्हणाला, बाबांचं बोट दारात चेमटलं. तिने बादलीतला कपडा बघितला आणि चहा टाकायला गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

सुट्टीच्या दिवशी बहीण आली. कपडा दोरीवर वाळत होता. तिने तो काढला आणि आधी उलटा केला. शिंप्याची पोर, शिवण आतून बघणार.

"हे कुठलं रे?"

"बाजारातलं. तयार मिळतं हल्ली."

आजवर बिघडलेलं कामसुद्धा त्याने दुसऱ्याच्या नावावर ढकललं नव्हतं. बायको तिथून उठून आत गेली.

बहिणीने एका काजावरून अंगठा फिरवला. लहानपणी बापाच्या मांडीशी बसून तिने असली काजं ढिगाने केली होती.

"काज तर बाबांच्या वळणाचं आहे. बाजाराला बाबांनी कधी शिकवलं, गुंड्या?"

लहानपणी गुंडी गिळली म्हणून घरात त्याला हे नाव पडलं होतं.

"माप कुणाचं घेतलंस? ते तर दोन मिनिटं उभे राहत नाहीत."

"माझं."

"म्हणजे तुला बसतं."

"हो."

"मग घालून बघितलंस?"

ट्रायल घेतल्याशिवाय त्याच्या दुकानातून कुणाचा साधा लेंगाही जात नसे. मग त्याने सगळं सांगून टाकलं. पडदा, पावलं, तीन तास, नख. म्हातारा काय म्हणाला तेवढं मात्र सांगितलं नाही.

बहिणीने कपाळाला हात लावला नाही की आवाज चढवला नाही. म्हणाली, "बाबांची पिशवी भर." नाही म्हणायला त्याला तोंड उरलं नव्हतं.

बस स्टँडवर म्हाताऱ्याला घाई लागली. मुतारीपुढे रांग, आणि म्हाताऱ्याने रांगेतच नाडीला हात घातला. मागचा एक जण ओरडला, लाजलज्जा आहे का नाही? दोघं-तिघं फिदीफिदी हसले, त्यात दुकानाचं एक जुनं गिऱ्हाईकही होतं. मास्तर पुढे झाला आणि स्वतःचा सदरा दोन्ही हातांनी पसरून बापासमोर उभा राहिला. थोडं त्याच्या चपलांवर आलं.

"माझे वडील आहेत," तो त्या माणसाला म्हणाला. "त्यांना थांबता येत नाही."

नाडी बांधली. बस लागली. खिडकीशी जाऊन त्याने विचारलं, परत कधी आणशील? बहीण म्हणाली, आधी तू किती वेळा येतोस ते बघू. बस निघाली तेव्हा म्हातारा पुढच्या सीटवरच्या अनोळखी माणसाची वळलेली कॉलर सरळ करत होता.

ओल्या चपलांनीच मास्तर दुकानात येऊन बसला. संध्याकाळी गणवेशाची चौकशी करायला एक बाई आली. आत डोकावून म्हणाली, थोरले मास्तर दिसत नाहीत, हवापालटाला गेले वाटतं?

हो म्हणणं सोपं होतं.

"नाही. ताई घेऊन गेली. माझ्याच्याने त्यांचं नीट झालं नाही."

तिने विचारलं, स्कर्ट कधी मिळतील?

"परवा," मास्तर म्हणाला.