चकोत्रीभोवतीचं रिंगण

घाटमाथ्यावरच्या रानात ढग उतरले होते. थोरल्या जाऊबाई आणि मी गोठ्यात पसरायला पाचोळा झाडून गोळा करत होतो. एका बुंध्याशी चकोत्री अंड्यांवर बसलेली दिसली. जमिनीवर राहणारा हा बुजरा पक्षी आता क्वचितच दिसतो. मी तिच्याभोवती हातभर पाचोळा ठेवला आणि बाकीची जमीन लख्ख झाडली.

जाऊबाई म्हणाल्या, "मुंगसाक पाट मांडून दिलंस गो."

खरंच, मोकळ्या जमिनीवर ते एकच रिंगण लांबूनही नजरेत भरत होतं. जपायचं म्हटलं की आपण आधी कुंपण घालतो, आणि इथे काहीतरी आहे हे सगळ्यांना कळतं.

दोघींनी भरलेल्या टोपल्या उपड्या केल्या आणि पानं दुरूनच विस्कटली. मग पाहिलं, तर चकोत्री नेमकी कुठे बसली आहे, ते मलाच सांगता येईना.