अशीच ठेवजा, भाऊ

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी दुकानात पासपोर्ट फोटो कापत बसलो होतो. "भास्करभाऊ, आई गेली," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "तिचा फोटो तुमच्यापाशी हाय ना? मोठा करून पायजे." मी विचारलं, "किती बाय किती?" फोन ठेवल्यावर लक्षात आलं, कधी गेली, कशानं गेली, हे विचारायचं राहूनच गेलं... तीस वर्षं वाशीमला स्टुडिओ चालवतोय. आमच्या धंद्यात मरणाची बातमी बहुतेक वेळा ऑर्डर होऊनच येते, आणि तोंडातून आधी साइजच निघते. पण मिलिंदची आई, वनमाला सिस्टर, नुसत्या गिऱ्हाईक नव्हत्या. तीन वर्षं त्या माझ्याकडे फोटो काढायला शिकत होत्या. झोपेतच गेल्या, हे मला संध्याकाळी दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

सिस्टर अनसिंगच्या. उभी नोकरी आजूबाजूच्या खेड्यांत लसी टोचण्यात आणि बाळंतपणं करण्यात गेली. निवृत्त झाल्यावर महिनाभरातच त्या दुकानात आल्या, खांद्याला कोऱ्या कॅमेऱ्याची बॅग आणि हातात टॉवेलात गुंडाळलेली एक फ्रेम. कॅमेरा तसाच राहिला, फ्रेम आधी काउंटरवर आली. "मांगं तुमच्या दुकानाचा शिक्का हाय. आता ही बाई कोण, थे सांगा." फोटोत एक गोरीपान, गुळगुळीत चेहऱ्याची म्हातारी होती. ती त्यांची आई. आसेगावच्या शिवारात जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात निंदण केलेली बाई. ती वारल्यावर, बऱ्याच वर्षांपूर्वी, एका लहानशा फोटोवरून आम्ही हा मोठा करून दिला होता. त्यावर आम्ही ‘हात फिरवला’ होता. आमच्या धंद्यात याचा अर्थ डाग काढायचे, सुरकुत्या कमी करायच्या आणि रंग दोन घरं उजळ करायचा. "माह्या मायच्या तोंडावर देवीचे वण होते," सिस्टर म्हणाल्या. "रंग काळाभोर होता. तुमी दोनी पुसलं." मूळ फोटो शोधला, सापडला नाही. आमच्याकडूनच हरवला होता. मी म्हटलं, "बाई, सगळे तसंच मागतात. गोरं केलं की लोक खूश होतात." त्यांनी ते ऐकून घेतलं आणि मग मुद्द्यावर आल्या. "माय तं गेली. तिच्या वयाच्या बाया आमच्या वस्तीत अजून हायेत. तुमच्या हाती लागायच्या आंधी त्याइचे फोटो मले काढायचे हायेत. जशा हायेत तशे. शिकवता काय?"

एखाद्या मानी माणसानं त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला असता. मी चहा सांगितला. का, ते आजही नीट सांगता येत नाही. दुपारी दुकानात कुणी नसतं, हे एक कारण असावं.

मग दर गुरुवारी दुपारच्या एसटीनं त्या यायच्या, सोबत लसीकरणाच्या रजिस्टरसारखी आखलेली वही. शिकणाऱ्या माणसाला सगळ्यात जड जातं ते अ‍ॅपर्चर. आकडा मोठा तितकं भिंगाचं भोक बारीक, हे उलटं गणित भल्याभल्यांच्या डोक्यात शिरत नाही. सिस्टरना ते एका वाक्यात समजलं. "आमच्या सुईचंबी असंच असते. नंबर मोठा, सुई बारीक." झालं. मी अर्ध्या तासाचं भाषण तयार ठेवलं होतं, ते वाया गेलं. शटर दाबताना श्वास सोडून हात स्थिर ठेवायचा, हे तर मला सांगावंच लागलं नाही. पण पहिल्या महिन्यातले त्यांचे फोटो पाहून मी चक्रावलो. एकूण एक बाई डोळे मिटून, दात आवळून, खांदा आकसून बसलेली. उजेड बरोबर, फोकस बरोबर, आणि चेहरे असे. शेवटी एके दिवशी म्हटलं, माझाच फोटो काढून दाखवा. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि म्हणाल्या, "हलू नका, झालंच." माझाही दंड आपोआप आवळला. ज्या बायांना आणि त्यांच्या लेकरांना पस्तीस वर्षं हेच म्हणत सुई टोचली, त्या दुसरं काय करणार? सिस्टर हसल्या नाहीत. वहीत लिहून घेतलं, ‘फोटोच्या वेळी बोलणे दुसरे’. पुढच्या गुरुवारपासून त्या बायांना सुनांबद्दल विचारू लागल्या आणि चेहरे मोकळे झाले.

खरी अडचण पौर्णिमेला आली. विहारात वस्तीतल्या सगळ्या बाया पांढऱ्या साड्या नेसून जमल्या होत्या, सकाळचं ऊन होतं, आणि सिस्टरनी मन लावून पन्नास-साठ फोटो काढले. गुरुवारची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी त्या दुकानात हजर. फोटोंत साड्या मळकट आल्या होत्या आणि चेहरे काळे ठिक्कर, नाकडोळे ओळखू येत नव्हते. "काहून असं झालं?" त्यांचा आवाज चढला होता. "गोरं करू नका म्हणलं, त मशीननं तोंडच पुसून टाकलं आमचं." मी समजावलं, की कॅमेऱ्याला समोर इतकं पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो सगळंच अंधारं करतो. "म्हणजे साडी पाहून थो तोंडाचं ठरवते," त्या म्हणाल्या. "मंग उपाय काय?" उपाय सोपा आहे. साडीकडे बघायचं नाही, जवळ जाऊन चेहऱ्यावरून उजेडाचं माप घ्यायचं, आणि त्याच मापानं फोटो काढायचा. हे मी त्यांना सांगितलं आणि सांगतानाच जाणवलं, की मी स्वतः हे कित्येक वर्षांत केलेलं नाही. लग्न असो, विहार असो, कसाही फोटो काढायचा आणि नंतर कॉम्प्युटरवर चेहरा उजळ करून टाकायचा. मला लाज वाटली.

त्यानंतर त्यांनी जे फोटो काढले, ते मी या व्यवसायात पाहिलेल्या चांगल्या फोटोंपैकी आहेत. कपाळावरचं गोंदण, गळ्याची सुटलेली कातडी, आणि तो उन्हात पक्का झालेला रंग... काळ्याच्या किती परी असतात, हे मला त्या फोटोंनी दाखवलं. दोन वर्षांत वस्तीतली एकही म्हातारी फोटो काढायची राहिली नाही. मग गेल्या थंडीत त्या म्हणाल्या, "माह्याबी एक काढून ठेवा." दुकानाच्या दारात स्टुलावर बसल्या. मी चेहऱ्याजवळ जाऊन माप घेतलं. स्क्रीनवर त्यांनी स्वतःला बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "अशीच ठेवजा, भाऊ." मी "हो" म्हटलं.

तो हो मी पाळला नाही, आणि हा लेख लिहिण्याचं कारण तेच आहे. मिलिंदचा फोन आला त्या दिवशी घाई होती. फाइल उघडली, माउस हातात घेतला, डाग काढले, सुरकुत्या पुसल्या, रंग दोन घरं वर नेला, प्रिंट काढली, फ्रेम केली. कुणी सांगितलं नव्हतं. मिलिंदनं तर साइजशिवाय शब्द काढला नव्हता. जित्याची खोड म्हणतात ती हीच. मला ते कळलं थेट पुण्यानुमोदनाच्या दिवशी, अनसिंगला, मांडवात समोर बसल्यावर. फुलांच्या मधोमध एक गोरी, गुळगुळीत बाई होती. वस्तीतल्या बाया एकेक करून फूल वाहून जात होत्या. गिरजाबाई म्हणून एक म्हातारी आहे, तिचा फोटो सिस्टरनी काढला होता. ती फूल हातात घेऊन तशीच उभी राहिली आणि शेजारणीला म्हणाली, "सिस्टरबाई नाही दिसत वं याच्यात." मी मान खाली घातली. जेवण न करताच परत आलो.

खरी प्रिंट मी दुसऱ्याच दिवशी काढली. पण ती महिनाभर काउंटरमागे कागदात गुंडाळून पडली, कारण ती द्यायची तर काय केलं ते सांगावं लागणार. गेल्या रविवारी शेवटी दुकान बंद ठेवून अनसिंगला गेलो. मिलिंद घरी होता. मी कागद सोडला आणि म्हटलं, तो पहिला फोटो चुकला, मी न विचारता त्याच्यावर हात फिरवला. तुमच्या आईला शब्द दिला होता. मिलिंद नवा फोटो घेऊन दारातल्या उजेडात गेला.

"मले तवाच दिसलं होतं, भाऊ," तो म्हणाला. "मांडवात लावतानाच. पण तुमाले कसं म्हणाव? तुमी तं आईचे गुरुजी."

मग गुरुजींनी स्टूल मागितलं आणि चढून भिंतीवरचा गोरा फोटो खाली काढला.