शुक्रवारची चाचणी

अंबरनाथ एमआयडीसीला शुक्रवारी सुट्टी. मशीनवर काही नवं बसवायचं तर आम्ही शुक्रवारीच बसवायचो, कुणी डोक्यावर उभं राहत नाही म्हणून. त्या सवयीनं माझं वाटोळं केलं. माझं कसलं म्हणा, काकांचं.

काका म्हणजे आमच्या पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनचे ऑपरेटर, पालेगावचे. मी मेंटेनन्समधली एकटी डिप्लोमावाली मुलगी. मशीनच्या जाळीच्या दाराला मी लोहचुंबक लावला होता आणि चौकटीवर त्याचा सेन्सर. दार उघडलं की चुंबक लांब जायचा, सेन्सर कंट्रोलर बोर्डाला कळवायचा, मशीन थांबायचं. पण शेजारची मोठी मोटर सुरू झाली की वायरीत नुसता गोंधळ, रीडिंग उलटसुलट व्हायची. दार बंद असतानाही बोर्डाला उघडं दिसायचं आणि मशीन उगाच बंद पडायचं. सुपरवायझर सगळ्यांसमोर ओरडायचा, "मॅडम, ते तुमचं खेळणं काढून टाका!" माझं डोकंच फिरायचं.

खरं तर वायर मोटरच्या केबलपासून लांबून न्यायला हवी होती. त्यासाठी दोन दिवस मशीन बंद. कोण देतो? मग मी नुसता प्रोग्राम बदलला. सेन्सरची पन्नास रीडिंग क्षणात यायची; लागोपाठ पन्नासही 'उघडं' आली तरच थांबायचं. मध्ये एकदा जरी 'बंद' आलं तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

शुक्रवारी सुट्टी असून काका चाचणीला आले, डब्यात माझ्यासाठीही भाकरी घेऊन. मी दार उघडायचे, ते हाताच्या जागी लाकडी पट्टी आत घालायचे. दहाच्या दहा वेळा मशीन जागच्या जागी थांबलं. "झकास, पोरी!" काका म्हणाले. अख्खी एमआयडीसी बंद होती, शेजारची मोटरसुद्धा. हे माझ्या टाळक्यात आलंच नाही.

पुढचे तीन आठवडे मशीन एकदाही उगाच थांबलं नाही. मी तोऱ्यात फिरत होते. मग एका मंगळवारी अडकलेला पत्रा काढायला काकांनी दार उघडलं आणि नेमकी तेव्हाच मोटर सुरू झाली. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

बोर्डात प्रत्येक रीडिंगची नोंद राहायची. ती मी उघडली. उघडं, उघडं, उघडं, बंद. पुन्हा उघडं, उघडं, बंद. सेन्सर जीव तोडून सांगत होता आणि माझा प्रोग्राम दर वेळी एकापासून मोजत बसला होता. मी ती नोंद पुसली. हो, पुसली. नोकरी जाईल म्हणून घाबरले होते. कंपनीच्या कागदावर कारण आलं, ऑपरेटरची घाई.

काकांना भेटायला हॉस्पिटलात गेले तेव्हा काकू स्टुलावर बसल्या होत्या. काकांनी विचारलं, "पोरी, खरं सांग. दार उघडल्यावर थांबायला पाहिजे होतं ना ते? का मीच घाई केली?"

"घाई झाली, काका," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि काकूंकडे वळून म्हणाले, "बघ, मी बोललो नव्हतो? हिच्या कामात खोट नसते. शुक्रवारी मी स्वतः तपासलंय."