अंगाला न टोचणारं पिस्तूल

ग्लेंडा स्टॅम्परच्या चर्चमधल्या बायकांचं बायबलवर कधी भांडण झालं नाही, पण पिस्तूल अंगावर नेमकं कुठं बाळगावं यावर प्रत्येकीचं मत वेगळं होतं. रविवारच्या प्रार्थनेनंतर जेवणाच्या टेबलावर विषय निघाला आणि बीन्सचं भांडं फिरायच्या आधी सल्ले फिरायला लागले.

"पर्समध्ये ठेव," व्हर्ना म्हणाली. "मी वीस वर्षं पर्समध्येच ठेवते."

"आणि पर्स पळवली म्हणजे? चोराला वर आहेर!" ओपल म्हणाली. "कमरेला लाव. शर्टाच्या आत."

"कमरेला? बसलं की बरगडीत घुसतं ते. तुझी कंबर दिसते तरी कुठं, ओपल? मी म्हणते, घोट्याला बांध," तिसरी एक म्हणाली.

"घोट्याला बांधलं तर संकट आल्यावर आधी वाकायला हवं. या वयात वाकल्यावर उठवणार कोण, चोर?" ओपलनं विचारलं.

सगळ्या हसल्या. ग्लेंडाही हसली, कारण न हसायला जास्त ताकद लागते. मक्याचा पाव चघळत ती नुसती मान डोलावत राहिली. ती फार थकली होती, आणि हा थकवा एका रविवारच्या झोपेनं जाणारा नव्हता.

ग्लेंडा घरोघर जाणारी नर्स. केंटकीच्या पूर्वेकडच्या डोंगरांत, जिथं रस्ता संपला तरी घरं संपत नाहीत, तिथं ती आपली जुनी गाडी घालायची. कुणाच्या पायाची जखम धुवायची, कुणाला इन्सुलिन टोचायचं, कुणाशी नुसतं बोलत बसायचं. अठ्ठावन्नावं वर्ष चालू होतं. गेल्या महिन्यात एका म्हातारीच्या घरी तिच्या नातवानं ग्लेंडाची पिशवी धरली. नशेसाठी दुखण्यावरच्या गोळ्या हव्या होत्या त्याला. पिशवी सोडत नाही म्हटल्यावर त्यानं मनगट पिरगाळलं. म्हातारी आतून ओरडली तेव्हा पोरगा पळाला. ग्लेंडानं आधी म्हातारीची मलमपट्टी पुरी केली आणि मग गाडीत येऊन दारं आतून लावून घेतली.

मनगट काळंनिळं झालं नसतं तर तिनं घरी सांगितलंच नसतं. पण ते डॉयलनं पाहिलं. डॉयल म्हणजे तिचा नवरा. तो बराच वेळ तिचा हात हातात धरून बसला आणि म्हणाला, "तुला एक पिस्तूल घेऊ या. अंगाला न टोचणारं, हलकं. शनिवारी जाऊ."

त्या मुलखात नवऱ्यानं बायकोला पिस्तूल घेऊन देणं म्हणजे हिवाळ्याआधी तिच्या गाडीचे टायर बदलून देण्यासारखं आहे. माया बोलून दाखवायची लाज वाटते, म्हणून माणसं अशा वस्तू घेतात. दुसरी कुणी असती तर सुखावली असती. ग्लेंडाला मात्र ती वस्तू घरात नको होती.

कारण असं. डॉयल जन्मभर लाकडाचे ओंडके वाहणारा ट्रक चालवायचा. एकदा साखळी तुटली, ओंडका सरकला आणि पाठीचा कणा दुखावला. ऑपरेशनं झाली, पण पाठ काही सरळ झाली नाही. धिप्पाड गडी आरामखुर्चीत अडकला. तशातच दोन हिवाळ्यांमागं एका दुपारी ग्लेंडा लवकर घरी आली, तर डॉयल स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसलेला, समोर बापाचं जुनं रिव्हॉल्व्हर. "साफ करतोय," तो म्हणाला. टेबलावर तेल नव्हतं, फडकं नव्हतं. तिनं कॉफी केली, त्याच्या समोर बसली आणि त्याचा कप रिकामा होईपर्यंत उठली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं धाकट्या दिराला, लॉनीला फोन केला. लॉनी पिकअप घेऊन आला आणि म्हणाला, "भाऊ, तुझ्या घरात ओल फार. बंदुका गंजतील. माझ्या तळघरात कोरडं कपाट आहे, तिथं नेऊन ठेवतो." डॉयलनं होय-नाही काही म्हटलं नाही. शिकारीच्या बंदुका, बापाचं रिव्हॉल्व्हर, सगळं गेलं. खचलेल्या माणसापासून बंदुका अशा दूर नेणं त्या भागात पुष्कळ घरांत होतं, आणि कुणी त्याला नाव देत नाही.

त्यानंतर डॉयल हळूहळू माणसांत आला. डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या घ्यायला लागला, चर्चला यायला लागला, उन्हाळ्यात परसात टोमॅटो लावले. पण दुखणं हत्तीच्या पायानं येतं आणि मुंगीच्या पायानं जातं, आणि ती मुंगी मधूनच माघारी वळते हे नर्सला सांगावं लागत नाही.

आता पिस्तूल नको म्हणावं, तर 'माझा तुझ्यावर विश्वास नाही' असं त्याला तोंडावर सांगितल्यासारखं. आणि हो म्हणावं, तर लॉनीच्या कपाटात ठेवलेली भीती आपल्याच हातानं घरात आणायची. आठवडाभर डोंगरातले रस्ते चढता-उतरताना तिनं हाच हिशेब केला. शेवटी तिला एकच वाट दिसली. घ्यायचं, पण अंगावेगळं करायचं नाही. झोपतानासुद्धा. म्हणून ते खरंच न टोचणारं हवं होतं.

शनिवारी दोघं दुकानात गेली. पुढच्या बाजूला मासे धरायचे गळ आणि आमिषं, मागं काचेच्या कपाटात पिस्तुलं. दुकानदार वेंडेल दोघांना ओळखत होता.

"काय डॉयल, बायकोसाठी का?" त्यानं विचारलं आणि जांभळ्या मुठीचं एक पिस्तूल काढून डॉयलच्याच हातात दिलं.

"वेंडेल, बायको इथं उभी आहे," ग्लेंडा म्हणाली. "आणि मला ते लग्नात मिरवायचं नाहीये."

"चुकलं, मिस ग्लेंडा. बायका रंग विचारतात हो." तिकडं लग्न झालेल्या बाईलाही आदरानं 'मिस' म्हणतात.

"त्यांचे नवरे विचारत असतील."

डॉयल हसला. त्यानं वरचा भाग मागं खेचून पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली. वेंडेलनं आधीच बघितलं होतं, तरी घेणाऱ्यानं पुन्हा बघायचं, ही तिथली रीत. डॉयलचे हात सराईतपणे फिरले. पाठ विसरून तो ताठ उभा राहिला. दोन वर्षांत ग्लेंडानं त्याचा चेहरा असा उजळलेला पाहिला नव्हता, आणि तो पिस्तुलानं उजळावा याचं तिला मनापासून वाईट वाटलं.

"हे बघ," डॉयलनं एक जरा मोठं पिस्तूल तिच्या हातात दिलं. "वजन आहे, म्हणून उडताना हिसका कमी देतं. वरचा भाग मागं खेचायलाही हलका. तुझ्या मनगटाला त्रास नाही."

तिनं ते कमरेशी धरून पाहिलं. "जड आहे. हे लावून मी आडवी कशी होणार?"

"आडवं कशाला व्हायचंय?" वेंडेल म्हणाला. मग त्यानं तळहातात मावेल असं चपटं पिस्तूल काढलं. "हलकं हवं तर हे आहे. पण मिस ग्लेंडा, खरं सांगतो. हलकं पिस्तूल बाळगायला सुख, उडवायला दुःख. असा हिसका देतं की लोक एकदा चांदमारीला जातात आणि पुन्हा नाव काढत नाहीत. निम्मी माझ्याकडेच विकायला परत येतात."

"मला उडवायचं नाही. अंगावर ठेवायचंय."

"दिवसभर?"

"दिवसभर."

"कामावरून आलीस की काढून ठेवशीलच ना," डॉयल म्हणाला. "पलंगाशेजारच्या खणात."

"नाही. घरात पण अंगावरच."

"घरात?" डॉयल मोठ्यानं हसला. "घरात कोण येणार तुला लुटायला? मी?"

वेंडेलही हसला. ग्लेंडाला हसायचं होतं. एरवी ती हसली असती. पण त्या क्षणी तिच्याकडे तेवढंही उरलेलं नव्हतं. ती डॉयलकडे नुसती बघत राहिली.

डॉयलचं हसू विरलं. त्यानं ते चपटं पिस्तूल काचेवर ठेवलं आणि हात खिशात घातले.

"आम्ही विचार करतो, वेंडेल," तो म्हणाला.

"सावकाश करा. पळून जात नाहीये काही."

गाडी ग्लेंडाच चालवायची, त्याच्या पाठीमुळं. ती स्टिअरिंगमागं बसली खरी, पण किल्ली फिरवायला हात उठेना. समोर दुकानाच्या भिंतीला कुणीतरी हरणाची शिंगं टेकवून ठेवली होती. दोघं तिकडेच बघत बसली.

"मी दमलेय, डॉयल," ती शेवटी म्हणाली. "खूप दमलेय."

"माहीत आहे."

"ओल वगैरे काही नव्हती घरात."

"तेही माहीत आहे. लॉनीला कुठं खोटं बोलता येतं? कान लाल होतात त्याचे."

"मग दोन वर्षं बोलला का नाहीस?"

"तुला झोप लागायला लागली होती ना." त्यानं पाठ सीटला टेकवली. "हे पिस्तूल मी तुझ्यासाठीच घेत होतो, ग्लेंडा. त्या पोरानं हात पिरगाळला आणि मी खुर्चीत बसून होतो. वाटलं, एवढं तरी करावं नवऱ्यानं." त्यानं खिडकीची काच खाली केली आणि पुन्हा वर केली. "बरंचसं तुझ्यासाठी."

ग्लेंडाला खिडकीबाहेर बघावंसं वाटलं. पण ती नर्स होती. असं ऐकल्यावर नजर वळवायची नसते, हे तिनं परक्या घरांत शेकडो वेळा पाळलं होतं. तिनं मान वळवली आणि त्याच्याकडे पाहिलं.

"आणि उरलेलं?"

"ते मलाच नक्की कळत नाही. म्हणून तर तू तशी बघत राहिलीस ना, तेव्हा बरं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं."

तिला रडू आलं. तिनं ते आवरलं नाही. डॉयलनं खिशातला रुमाल काढून दिला आणि समोर बघत म्हणाला, "लॉनीला सांग, सगळ्या बंदुका विकून टाक. बापाचं रिव्हॉल्व्हरसुद्धा. आणि सोमवारी डॉक्टरकडे मी येतो. तू आत बस माझ्याबरोबर, बाहेर नको."

"आणि मध्येच तसं वाटलं तर? मी कुठं वर डोंगरात असले तर?"

"तर फोन करीन."

"मी कुणाची जखम धूत असले तरी?"

"तरी. त्याला म्हणावं, थांब जरा."

तिला रडता रडता हसू फुटलं. तिनं डोळे पुसले, किल्ली फिरवली आणि गाडी रस्त्याला लावली. गाव मागं पडलं. घराचा चढ लागला तेव्हा डॉयल म्हणाला, "आणि एक सांगू? तू रोज कामावरून येतेस ना, तेव्हा लगेच दार उघडत नाहीस. पायरीवर उभी राहतेस. खिडकीच्या पडद्यावर तुझी सावली पडते. आत टीव्ही चालू आहे का, मी खोकतोय का, ते ऐकत असतेस."

ग्लेंडानं गाडीचा वेग कमी केला. हे कुणाला ठाऊक असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"म्हणून तुझी गाडी चढाला लागल्याचा आवाज आला," डॉयल म्हणाला, "की मी टीव्ही मोठा करतो."